जाणारी बाजू

१ जून

पंजा उघडा, समोर धरलेला, आणि माझं चित्र तिथेच गोठलं. ‘थांबा.’

इकडे मी पुढचं सांगतच होते. आडवे व्हा, डोळे मिटा, मशीन आवाज करेल पण तुम्हाला तो जाणवणार नाही, दुखणार नाही. माझ्या पडद्यावर दवाखान्याची खोली स्वच्छ दिसत होती. डॉक्टर, नर्स, नर्सच्या खिशातलं पेन, खाटेवर बसलेले पेशंट आजोबा. त्यांना मात्र माझा एक पंजा दिसत होता. आजोबा बहिरे आहेत. त्या खोलीत त्यांचं हातांच्या खुणांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. मी थांबा म्हणाले म्हणून ते थांबले. नर्सने दंडाला धरलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. ती थांब म्हणतेय. मग वॉर्डबॉय आला आणि दोघांनी मिळून त्यांचे हात धरले.

बहिऱ्या माणसाचे हात धरले म्हणजे त्याचं तोंड दाबलं. आपल्यासारख्या बहिऱ्या आईबाबांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये.

भोंग्या, पत्र मधूनच सुरू केलंय, कारण सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात आणि आज ते नाहीत.

मी आईकडे राहायला यायचं ठरवलं तेव्हा तुला एकच काम सांगितलं होतं. या इमारतीत तारेचं नेट येत नाही, मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. तेव्हा मोबाइलच्या तीन कंपन्यांची सिम आण, आईच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपला लावून बघ, आणि माझं चित्र कुणावरून नीट जातं ते सांग. तू कळवलंस की ओट्याशी बसून अख्खी मॅच बघितली, एकदाही अडकली नाही, डोळे मिटून पोपटाच्या चिन्हाच्या कंपनीचं डोंगल घे. मी डोळे मिटून घेतलं. दोन वर्षांच्या करारावर सही केली.

तू खरंच इथे बसून बघितलंस का?

पंधरा तारखेला, सोमवारी सकाळी, दवाखान्यांना दुभाषे पुरवणारी आमची संस्था माझी जोडणी तपासणार आहे. त्यात हातांचं चित्र तुटलं तर दवाखान्याचं काम बंद. ते बंद झालं तर मला पुन्हा शहरात खोली घ्यावी लागेल आणि आई इथे एकटी राहील. चहाच्या दुकानात बसून हे काम करता येत नाही. कुणाच्या पोटातली गाठ सांगत असताना काचेतून अख्खा रस्ता माझे हात बघत बसेल.

फोन करू नकोस. दिवसभर बाजारात लिलाव पुकारणाऱ्या माणसाशी मी फोनवर भांडणार नाही. फोनवर तूच जिंकतोस. उत्तर टेम्पोवाल्याकडे दे, तो भाजी उतरवायला रोज आपल्या कोपऱ्यावर येतो.

ताई


३ जून

ताई,

सा. न. तू आशीर्वाद दिले नाहीस तरी माझा नमस्कार घे.

आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण त्यांचे हात मी धरले नव्हते.

तुझ्यासाठी मी किती जणांना विचारलं ते तरी ऐक. कांद्याचा व्यापारी म्हणाला छत्री घ्या, आम्ही सगळे छत्रीवर. हमालांचा मुकादम म्हणाला छत्री पावसात गळते, होडी घ्या. होडीचं नाव काढल्यावर व्यापारी त्याच्यावरच हसला, म्हणे ती कंपनी अजून आहे का. मग मी घरी बसून नकाशे बघितले. पोपटाच्या नकाशावर आईची गल्ली हिरवीगार होती. होडीच्या नकाशावर तिथे नुसता करडा डाग. आता सांग, तू काय निवडलं असतंस? तू असतीस तर आधी कंपनीच्या मालकाची मुलाखत घेतली असतीस, ते सोड.

आणि हो, बसून बघितलं. बाबांच्या जुन्या फ्रिजवर लॅपटॉप ठेवला, आईने चहा दिला, मॅच बघितली. सिग्नलच्या पाच काड्या होत्या. चित्र इतकं साफ की खेळाडूचा घाम दिसत होता. यापेक्षा काय तपासायचं असतं मला माहीत नाही. मला संस्थेने शिकवलेलं नाही.

डोंगल लांब वायरला लावून गॅलरीत टांग. नाहीतर लॅपटॉप घेऊन तूच गॅलरीत बस. करार दोन वर्षांचा आहे, पोपट आता उडवता येणार नाही. तुझ्या रागाचं काय करायचं ते तू बघ. इथे सकाळपासून टोमॅटोचा राग ऐकतोय, माझा कोटा भरला.

आईला नमस्कार सांग.

भोंगा


६ जून

भोंग्या,

गॅलरीत बसले. वायर टांगली. समोरच्या इमारतीतली मुलं माझ्या हातांची नक्कल करायला लागली तेव्हा आत आले. चित्र तसंच तुटत होतं.

मग पोपटाच्या दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती, गळ्यात पट्टा, पट्ट्यावर पोपट.

“मॅडम, नेटवर काय बघता तुम्ही? सिनेमे की क्लास?”

“मी बघत नाही. मला दिसायचंय.”

“म्हणजे व्हिडिओ टाकता?”

“नाही. मी इथे हात हलवला की तो तिथे त्याच क्षणी हलायला पाहिजे.”

तिने माझा लॅपटॉप घेऊन वेग मोजला. “पन्नास येतंय की. मस्त आहे.”

“हे येणारं. जाणारं किती?”

तिने पडद्यावर खाली बघितलं. “ते कुणी विचारत नाही, मॅडम.”

तिचं खोटं नव्हतं. कुणी विचारत नाही. मॅच येते, सिनेमा येतो, खेळाडूचा घाम येतो. जायचं कुणाचंच काही नसतं. माझे हात जायचे असतात. म्हणून तुला बजावून सांगितलं होतं की बघू नकोस, कुणाला तरी दिसून बघ. ते वाक्य तू वाचलंच नाहीस.

आता फ्रिज. बाबांचा फ्रिज आईने थंडीतच खालच्या शिंप्याला दिला. तो त्यात अस्तराची कापडं ठेवतो. त्या जागी आता धान्याचे डबे आहेत. तू लॅपटॉप कशावर ठेवलास?

आईला विचारलं, भोंगा आला होता का. तिने तुझी खूण केली, कंठावर दोन बोटं, आणि मग दोन्ही तळहात रिकामे दाखवले. चेहरा अजिबात हलवला नाही. तुला आठवत नसेल, आई खूप रागावली की तिचा चेहरा हलत नाही.

शिंप्याला विचारलं. त्याला सगळं आठवतं. तुझी गाडी कोपऱ्यावर होती, काचा वर, लॅपटॉप स्टिअरिंगवर. “तुमचे बंधू जोरात होते. मॅच जिंकल्यावर हॉर्न वाजवला, माझी सुई बोटात गेली.” कोपऱ्यावर पोपटाचा टॉवर आहे. तिथे पाच काड्या यायच्याच.

दोन जिने, भोंग्या. दोन जिने चढायचा तुला कंटाळा आला, आणि त्यासाठी तू आईच्या हातचा चहासुद्धा रचलास. एका माणसाचे हात धरले गेले ते तुझी मॅच बुडू नये म्हणून.

ताई


८ जून

ताई,

जिने चढलो होतो.

लिही, शिंप्याला विचार, पोपटवालीला विचार, सगळ्यांना विचारून झालं की मला विचार. दोन्ही जिने चढलो. तिन्ही सिम खिशात होती. बटण दाबलं, लहानपणीसारखं, दोनदा तुटक आणि एकदा लांब. घंटेच्या जागी आपल्याकडे दिवा लागतो, तो खिडकीच्या पडद्यामागे लागलेला मला दिसला. आतून पाट सरकल्याचा आवाज आला. आणि मी खाली गेलो. दुसऱ्याची घंटा वाजवून पळणारी मुलं असतात तसा.

का ते ऐक, आणि हे तुझ्या त्या समजूतदार कामाच्या चेहऱ्याने वाचू नकोस.

बाबा गेल्यानंतर मी आलो होतो. तू बँकेत गेली होतीस. आई माझ्याशी बोलायला लागली. भरभर, खूप वेळ, डोळे पुसत, पुन्हा बोलत. मला त्यातलं चौथाई कळत होतं. मी मान हलवत होतो. हो. हो. बरोबर. मग ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश काहीतरी विचारलं. मी मान हलवली. तिने विचारलं होतं, दुधात मीठ घालून देऊ का तुला. तेवढं मला दोन सेकंदांनी कळलं. तोपर्यंत मान हलली होती.

ती उठली आणि कप्प्यातून ते लिहायचं पॅड आणलं. माहीत आहे ना कुठलं? वाण्यासाठीचं. मीटर बघायला येणाऱ्या माणसासाठीचं. त्यावर पेन्सिलने लिहिलं, “जेवून जाणार का?” आणि माझ्यासमोर धरलं.

तेव्हापासून मला तो दिवा लागलेला बघवत नाही.

आणि हे कुणी केलं? पोराला बोलता यायला हवं म्हणून मला मावशीकडे ठेवलं. बोलायला आलं. इतकं आलं की आता त्यावर पोट भरतो. तुझे हात घरी राहिले. रविवारी मी यायचो तेव्हा तुम्ही तिघं जेवताना हातांनी बोलायचात, हसायचात, आणि बाबा माझ्याकडे वळले की हात सावकाश करायचे. पाहुण्यासाठी करतात तसे. तू कधी एकदा तरी त्यांना सांगितलंस का की नेहमीसारखं बोला? तू पोचवणारी ना? सगळ्या जगाचं पोचवतेस.

चहा रचला, कबूल. मला तो हवा होता.

भोंगा


९ जून

भोंग्या,

तुझं पत्र आईला दाखवलेलं नाही. ते तिला सांगणं माझं काम नाही. तेवढं एक मी पोचवणार नाही.

मावशीकडे तुला मी पाठवलं नव्हतं. मीही लहानच होते. तू तिथे गेलास आणि मला बँकेत, शाळेत, घरमालकासमोर, दवाखान्यात आईबाबांच्या मधे उभं केलं. घरमालक जे बोलायचा ते शब्द माझ्या वर्गात कुणाला माहीत नव्हते, मला ते हातांनी बाबांना सांगायला लागायचे. पुढे बाबांना त्यांचा आजारही मीच सांगितला. डॉक्टर खिडकीकडे बघत बोलले आणि माझे हात हलले. किती दिवस उरले ते बाबांना माझ्या बोटांवर दिसलं. तुला वाटतं जेवताना हसणं म्हणजे जवळ असणं. ये, जागा बदलू.

राग आलाय आणि तो जाणार नाही. पण सोमवार जवळ आलाय, म्हणून कामाचं लिहिते.

पोपटाचं डोंगल दुसऱ्या कंपन्यांचं सिमही घेतं. छत्री आणि होडी दोन्ही मी आणली आहेत. शनिवारी दुपारी लिलाव संपला की बाजाराच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बस. तिथे तारेचं नेट आहे, तुझ्या बाजूने अडचण यायची नाही. इकडे आई बसेल. सिम मी बदलत जाईन, आई त्या डोंगलला हात लावत नाही, म्हणते गरम होतं. प्रत्येक सिमवर ती बोलेल. तू काय बघितलंस ते कागदावर लिहायचं आणि टेम्पोवाल्याकडे द्यायचं. संस्थेची तपासणी अशीच असते. पलीकडे हात वाचणारं माणूस बसतं. संस्थेबाहेर माझ्या ओळखीत असं माणूस एकच आहे, आणि ते किती वाचतं ते आत्ताच कळलं. तरी तेच आहे.

आई काय बोलणार ते मी तिला विचारलेलं नाही.

ताई


(याच कागदाच्या मागे, पेन्सिलने)

११ जून. टेम्पो उभा आहे, घाईत लिहितो. बसतो शनिवारी. पण एक सांग. मला दिसलं नाही की मला समजलं नाही, हे मला कसं कळणार? — भो.


(त्याखाली, शाईने)

चित्र तुटलं की बोटं चौकोनी होतात, किंवा थांबतात. ते दिसलं नाही. बोटं साफ आहेत आणि तरी हाती काही लागत नाही, ते समजलं नाही. दोन्ही वेगळं लिही. दुसऱ्यात कंपनीचा दोष नाही. मान हलवायची नाही.


१३ जून

ताई,

तू हे मुद्दाम केलंस. सिम तपासायला दुसरं माणूस मिळालं नाही यावर माझा विश्वास नाही. असो. लिहायचं म्हणालीस, लिहितो.

पोपट. आई आली, पदर सारखा केला, कंठावर दोन बोटं ठेवली आणि थांबली. म्हणजे चित्र थांबलं. बराच वेळ माझ्यासमोर आई नुसतं माझं नाव घेऊन बसली होती. पाठीमागून मुकादम म्हणाला, “कोण हो या, घसा दुखतोय का?” मी त्याला बाहेर काढलं. दिसलं नाही. माझा तर पोपटच केला या कंपनीने, दोन वर्षांसाठी.

छत्री. सुरुवात बरी. पण आई रागात होती आणि रागात तिचे हात भरभर चालतात. हात भरभर चालले की बोटांचे तुकडे व्हायला लागले. ‘फ्रिज’ दिसलं. ‘खोटं’ दिसलं, ते दोनदा होतं. मधलं दिसलं नाही. हळू बोलणाऱ्यांसाठी चालेल. आपल्या घरात चालणार नाही.

होडी. तो करडा डाग. ताई, होडीवर मला आईच्या नखावरचं पीठ दिसत होतं. आणि एकदाही थांबलं नाही. मी काय बघितलं ते क्रमाने लिहितो, आईच्याच बोलण्यात.

दिवा लागला. दोनदा तुटक, एकदा लांब. ते बोट मला माहीत आहे. मी कणकेच्या हातांनी दार उघडलं. कुणी नव्हतं. जिन्यात बघितलं. गॅलरीतून बघितलं. तुझी गाडी दिसली. मी दार उघडं ठेवलं. पोळी जळली. तू आला नाहीस. मी दार लावलं. पॅड मी रागाने आणलं होतं, तू ते माझ्या हातातून हिसकावून घेशील म्हणून. तू त्यावर लिहिलंस. चांगल्या अक्षरात लिहिलंस, “नको, भूक नाही.”

हे सगळं दिसलं आणि समजलं. सावकाश केलं नाही तिने, एकदाही.

शेवटी एक होतं ते समजलं नाही. मूठ छातीशी धरून एकदा फिरवली आणि दाराकडे उघडली. नंतर ‘आता नाही’. ते ‘आता नाही’ कळलं, आधीचं नाही. बोटं साफ होती. दोष कंपनीचा नाही. ती खूण काय आहे?

होडी घे. पोपटाचा करार मी निस्तरतो, पुकारून पुकारून त्यांचा कान फोडतो. माझ्यावर रागव, हरकत नाही. मीही अजून रागावलेलाच आहे, तुझ्यावर, तिच्यावर, मावशीवरसुद्धा, ती तर गेली.

भोंगा


१४ जून

भोंग्या,

होडी लावली. जाणारी बाजू दिवसभर टिकली, संध्याकाळीसुद्धा. त्या नकाशात करडा डाग का आहे ते होडीवाल्यांनाही सांगता आलं नाही. म्हणाले, तिकडे कुणी मोजायलाच आलं नसेल.

तू नीट लिहिलंस. तपासणीच्या कागदाला एवढंच लागतं. बाकी मला तुला शाबासकी द्यायची नाही. आजोबांचा स्कॅन पुन्हा ठरलाय. त्यांनी दवाखान्याला लिहून दिलंय की ती पडद्यावरची बाई नको, ती थांबा म्हणते आणि निघून जाते. ते मला आयुष्यभर पुरेल, आणि त्यातलं अर्धं तुझं आहे. जिन्यावरून पळालास ते मला समजलं. पण नंतर खोटं का कळवलंस? ‘बघितलं नाही’ एवढे दोन शब्द पुरे होते. मी स्वतः तीन सिम घेऊन बसले असते.

आणि तू म्हणतोस ते खरं आहे. बाबांना मी कधी सांगितलं नाही की त्याच्याशी नेहमीसारखं बोला. मला त्यांचं सावकाश बोलणं प्रेमाचं वाटायचं. तुला काय वाटत होतं ते विचारलं नाही.

ती खूण संस्थेत चालत नाही, कुठल्या पुस्तकात नाही. आईबाबांनी घरात केलेली आहे. तुला माहीत नाही, कारण तू नसतानाच ती लागायची. तिचा अर्थ रविवार. मावशी तुला घेऊन यायची तो दिवस. अजूनही आई रविवारला तीच खूण करते.

हे पाकीट उद्या सकाळी टेम्पोवाल्याकडे देते.

ताई


(खाली, त्याच शाईने)

पाकीट दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तपासणीसाठी लॅपटॉप उघडत होते तेव्हा दिवा लागला. दोनदा तुटक, एकदा लांब. आई डबे पुसत होती. ती उठली नाही. दिवा पुन्हा लागला, तसाच. मी उठायला लागले तर तिने मला बसवलं, हात पुसले आणि स्वतः गेली. भोंगा दारात होता, बाजाराच्या कपड्यांत. आत ये म्हणाली नाही. तिथेच उभी राहून बोलायला लागली, भरभर, चेहरा न हलवता. त्याने मान हलवली नाही. दोनदा तिला थांबवलं आणि ‘समजलं नाही’ केलं. मग त्याने मूठ छातीशी धरून फिरवली, दाराकडे उघडली, आणि विचारलं, हे काय. आईने त्याला दंडाला धरून आत ओढलं, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेलं आणि रविवारच्या रांगेवर वरपासून खालपर्यंत बोट आपटत गेली. शेवटी ते बोट त्याच्या छातीवर आपटलं. मग आजच्या तारखेवर ठेवलं आणि म्हणाली, आज सोमवार आहे.

माझी तपासणी वेळेवर सुरू झाली. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, हात स्वच्छ दिसतायत, मागे कुणीतरी भांडतंय तेही दिसतंय, लॅपटॉप जरा वळवून घ्या.